शीव ओलांडलेला गाडा

गाड्यावर बसलेली बाई स्वतःच भोंगा तोंडाशी धरून लोकांना सांगत होती, मला शिव्या द्या.

"लाजू नका मावशी. गावात गाठीचा ताप मी आणलाय. घराघरात माणूस मरतंय ते माझ्यामुळं. आता काय म्हणाल मला?"

"काय म्हनू?" पुढच्या रांगेत उभ्या नंदाबाईंनी पदर सावरला. "हनमंताची लेक हाय, शिकलेली हाय, एवढी वाळली कशानं, असं म्हनीन."

सगळा माळ हसला. भोंग्यामागं यशोधराही हसली आणि मग तिनं कपाळावरची काजळी मनगटानं पुसली. आंबी गावाच्या वरच्या अंगाला, कारखान्यांच्या पत्र्यांकडं पाठ करून बसलेली ही तिची वाडी. वाडीतली पन्नासेक माणसं आज घोंगड्या नि जुनेर नेसून सहाशे वर्षांपूर्वीचं गाव झाली होती, पण राग काही कुणाला येत नव्हता. दुपारपासून ती त्यांना रागवायला शिकवत होती. स्पंजाचे दगड केले होते, राखाडी रंगवलेले, लांबून अगदी खरे. जेवणानंतर पोरींनी त्या दगडांनीच चेंडूफळी खेळून घेतली. नंदाबाईंच्या हाती दगड दिला की त्या तो असा सोडायच्या, जसं पाटावर लिंबू ठेवावं.

"पहिला दगड तुमचाच आहे, मावशी. तुमच्या हातावर माझा पिक्चर उभा आहे."

"मंग पडंल तुजा पिक्चर," नंदाबाई म्हणाल्या. "कुत्र्यालाबी कदी मारला न्हाई म्या दगड."

पुण्याला शिकताना यशोधरेनं मध्ययुगातल्या साथींवरचे परदेशी चित्रपट अधाशासारखे पाहिले होते. काळ्या झग्यातले साधू, स्वतःच्याच पाठीवर चाबूक ओढत चाललेली माणसं, चौकात रचलेली लाकडं आणि त्यांवर बांधलेली कुणी एक बाई. देवाचं नाव तोंडात, पलिता हातात, आणि तोंड उघडं ते उघडंच, गर्जत असलेलं. तिनं त्या चित्रपटांवर प्रबंध लिहिला, त्याला चांगले गुणही पडले. पण लिहिताना एक गोष्ट खुपत राहिली. त्या गर्दीतलं एकही माणूस तिला ओळखीचं वाटत नव्हतं. देवभोळी माणसं ती जन्मापासून बघत आली होती. ती जात्याशी बसतात, पोराच्या गळ्यात ताईत बांधतात, पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. मग त्यांच्यातूनच ती पलितेवाली गर्दी निघते कुठून?

हे विचारायला तिनं आपला पहिला चित्रपट मांडला. मावळातलं एक गाव, गाठीच्या तापाची साथ, मेलेल्यांना शेवटची अंघोळ घालणारी एक बाई. सगळे आजारी पडतात, ती पडत नाही. म्हणून गावाला वाटतं, साथ हिचीच. मग तिला मरीआईच्या गाड्यावर बसवतात, देवीबरोबर शिवेपार ढकलतात आणि दगड मारतात. पैसे नव्हते म्हणून ती बाई यशोधरा स्वतःच झाली. कॅमेऱ्याला लोणावळ्याची पिंकी होती. एरवी ती धबधब्यांपाशी लग्नाआधीच्या जोडप्यांचे व्हिडिओ काढायची आणि म्हणायची, एक दिवस मला रडणारी माणसं दे, हसणारी लय झाली. गाडा प्रितमनं बांधला. प्रितम यशोधरेचा चुलतभाऊ, एमआयडीसीत वेल्डर. वाडीतल्या म्हाताऱ्या मारुतीआबांच्या गोठ्यामागं पडलेली जुन्या बैलगाडीची चाकं त्यानं मागून आणली होती.

आज शेवटचा शॉट. उद्यापासून पिंकीच्या तारखा दुसऱ्यांना दिलेल्या, भाड्याचा कॅमेरा परत जायचा, आणि वाडीचा गहू मळायला आलेला. आज मिळाला तर चित्रपट पुरा, नाहीतर एवढी खटपट नुसती शेवटावाचून पडून राहणार.

गाडा ओढायचा कुणी, हे मात्र यशोधरेनं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं.

"आमच्या आळीतला एकही माणूस जोखडाला हात लावणार नाही. गाडा तुम्ही ओढायचा, आबा. तुम्ही आणि अमृतदादानं."

अमृत हा नंदाबाईंचा थोरला. तो बघतच राहिला होता. वाडीतल्या म्हाताऱ्यांना आठवत होतं तसं आषाढात मरीआईचा गाडा महारवाड्यानं ओढायचा. मान म्हणायचे त्याला. छप्पन्न साली धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या आषाढात यशोधरेच्या आज्यानं, गेणूनं, जोखड देवळापुढं ठेवलं, ओढ्यावर हात धुतले आणि घर गाठलं. गावानं कितीतरी दिवस त्यांना कामाला बोलावलं नाही. गेणू परत गेला नाही. गाडा त्याच जागी वाळवीनं खाल्ला.

मारुतीआबा तेव्हा बैठकीत मिशीत हसले होते. "तुज्या आज्यानं सोडला, अन् तू आमच्या गळ्यात घालतीस व्हय गं?"

"सिनेमापुरता, आबा."

"घाल बाई. चाकं माजीच हायती, खांदाबी माजाच घे."

ऊन कलायची वाट बघत सगळे बाभळीखाली बसले. प्रितमच्या गाड्यात लाकडाची, शेंदूर फासलेली देवी होती, डोळे कवड्यांचे. पिंकीनं सजावटीला म्हणून लिंबाचे डहाळे आणवले होते. बसल्या बसल्या बायका ते नीट लावू लागल्या. एकीनं स्वतःच्या हातातल्या हिरव्या बांगड्या देवीपुढं ठेवल्या. एकीनं घरून नारळ आणला. कुणीतरी कुंकू आणलं. रतनबाईंनी ओटी भरली. सिनेमाच्या मळक्या लुगड्यांतच त्या भरत होत्या, तरी पदर डोक्यावर आला होता. मग नंदाबाईंनी हलक्या गळ्यानं ओवी धरली:

शिवंपार जा गं माई, मागं वळून पाहू नको
बाळाच्या माज्या अंगी, धग तुजी ठेवू नको

"घे, घे," यशोधरेनं पिंकीच्या कानात म्हटलं. "असं लिहून मिळत नाही."

पिंकी घेतच होती.

नंदाबाईंचा नातू समर्थ तापानं वडगावच्या दवाखान्यात होता, हे यशोधरेला ठाऊक होतं. ती भेटूनही आली होती. काल त्याचा ताप उतरला आणि त्यानं बिस्किट मागितलं, तेही तिला ठाऊक होतं. पण ओवी म्हणता म्हणता नंदाबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि डहाळ्यांच्या आत काहीतरी खोचलं, ते मात्र तिला दिसलं नाही.

ऊन पिवळं झालं. पिंकीनं बोट वर केलं. यशोधरेनं भोंगा टाकला, गाड्यावर चढून देवीच्या पायाशी बसली, आणि मारुतीआबा नि अमृत जोखडाखाली गेले.

गाडा निघाला. चाकं कुरकुरली, फुफाटा उठला. मागून माणसं आली, थोडी ओरडली, थोडी लाजली. शिवेचा शेंदरी धोंडा आला तशी दोघांनी गाडा जोरानं पलीकडं लोटला, जोखड टाकलं आणि मागं सरून धोंड्याच्या अलीकडं उभे राहिले. नंदाबाईंचा स्पंजाचा दगड हवेत निघाला आणि आपल्याच पावलांपाशी पडला. तरी यशोधरेला आतून वाटलं, झालं. चेहऱ्यांवर काहीतरी आलं होतं.

ती उतरली आणि धावत पिंकीच्या पडद्यापाशी गेली.

"बघ," पिंकी म्हणाली. तिचा आवाज पडलेला होता. "गाडा लोटताना डहाळी सरकलीय. हे काय आहे?"

लिंबाच्या पानांतून निळ्या चौकड्यांची बाही लोंबत होती. बाहीला बटण. शाळेचा सदरा.

"सहाशे वर्षांपूर्वी युनिफॉर्म होता का गं?"

"कुणी ठेवला?"

"ते जाऊ दे. उजेड आहे अजून. सदरा काढ, गाडा मागं घे, पुन्हा करू."

यशोधरेनं भोंगा उचलला. "मस्त झालं सगळ्यांचं. एकदाच अजून करायचंय. आबा, गाडा पहिल्या जागेवर घ्या."

कुणी हललं नाही. कुणी हसलंही नाही. मारुतीआबा घाम पुसत धोंड्यापाशी आले आणि त्याच्या पुढं उभे राहिले.

"न्हाई यायचा," ते म्हणाले.

"दमला असाल तर बसा थोडं."

"दमलो न्हाई. शीव वलांडलेला गाडा माघारी येत न्हाई, पोरी. गावातली इडापिडा घिऊन गेलेला असतो त्यो. माघारी आनला तर संगं काय येतं, ते सांगाय पाहिजे का?"

हे यशोधरेला खरंच माहीत नव्हतं. गाड्याबद्दल तिनं पुस्तकांतून वाचलं होतं, म्हाताऱ्यांना विचारलं होतं, फोटो जमवले होते. पण घरात कधी एक शब्द कानावर पडला नव्हता. गेणूआज्यानं गाडा हातातून सोडला तसा तोंडातूनही सोडला होता. पुढच्या पिढ्यांना त्यातलं काही कळू नये, हीच त्याची कमाई होती. त्या कमाईवर ती वाढली होती, म्हणून आज ही चूक तिच्या हातून झाली.

"आबा, तो प्रितमनं बांधलाय. देवी फर्निचरच्या दुकानातल्या लाकडाची आहे."

"सकाळी व्हती," आबा शांतपणे म्हणाले. "वटी भरली की आता."

ओटी भरताना यशोधरेनंच तर कॅमेरा लावला होता.

अमृत पुढं आला. आवाजात कड होती. "एवडी अडचन असंल तर तुमीच आना की माघारी. तुमी मानत न्हाई. तुमाला काय हुतंय? चार माणसं बलाव तुज्या आळीतली, आन वढत."

बोलणं वरवर सरळ होतं, आणि क्षणभर यशोधरेलाही ते सरळच वाटलं. खरंच, काय होतंय? चार जणांनी पाच मिनिटं ओढायचा. शॉट मिळेल, चित्रपट पुरा होईल. बाभळीखाली तिचे वडील हनुमंत उभे होते. कारखान्यातून निवृत्त झालेले, आज सगळ्यांना पाणी द्यायला आले होते. हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला.

"नाही दादा," यशोधरा म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज पडली नाही. "मानत नाही, म्हणून तर ओढणार नाही. भीती तुमची आणि खांदा आमचा, हे आज्यानं मोडलं. मी पिक्चरसाठी परत जोडत नसते."

हे चाललं होतं तेव्हा प्रितम पलीकडं गाड्यापाशीच होता. अंतर होतं, वारा उलटा होता. त्याला एवढंच ऐकू गेलं होतं की सदरा काढायचा आणि गाडा मागं घ्यायचा. आपण बांधलेला गाडा, आपणच वळवू, म्हणून त्यानं डहाळ्यांतून सदरा ओढला, गोळा करून शिवेच्या अलीकडं भिरकावला आणि चाकाला खांदा लावला. गाडा वळला. देवीचे कवड्यांचे डोळे वाडीकडं झाले.

कुणी ओरडलं नाही. यशोधरेला पुढं कितीतरी दिवस तेच आठवत राहिलं. एवढी माणसं, आणि चिलटाचा आवाज ऐकू यावा एवढी शांतता. बायकांनी पोरं पाठीशी घेतली. दोघा-तिघांचे हात वाकून जमिनीकडं गेले आणि वर आले तेव्हा रिकामे नव्हते. चेहऱ्यांवर राग कुठंच नव्हता. होतं ते दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं ते.

दगड निघाला. स्पंजाचा नव्हता. प्रितमच्या भुवईवर बसला आणि तो चाकाला धरून खाली बसला.

सगळ्यांनी वळून बघितलं. नंदाबाईंचा हात अजून हवेत होता.

यशोधरा धोंडा ओलांडून धावली. तिच्यामागून हनुमंत. जखम खोल नव्हती, पण भुवई फुटली की रक्त पुष्कळ येतं, ते प्रितमच्या नाकावरून ओघळत होतं. तिनं सिनेमाच्या लुगड्याचा पदर दाबून धरला. मागं आळीतली दोन पोरं पुढं सरसावली, इकडून अमृतनं बाह्या सारल्या, आणि मधे शेंदरी धोंडा.

"जागचं हलू नका," यशोधरा म्हणाली, आधी आपल्या माणसांना, मग त्यांच्या. "प्रितम, दिसतंय का नीट?"

"दिसतंय," प्रितम म्हणाला. मग त्यानं एक डोळा उघडून पलीकडं बघितलं. "नंदाकाकू, दुपारपासनं यशी बोंबलतीया दगड मार, दगड मार. ही ताकद तवा कुटं ठिवलीवती?"

कुणाच्या तरी तोंडून हसू निसटलं आणि लगेच गिळलं गेलं. अमृतच्या बाह्या तशाच अर्धवट राहिल्या. नंदाबाई मात्र खाली बसल्या. धुळीतून त्यांनी सदरा उचलला, झटकला, पुन्हा झटकला.

"समर्थाचा हाय," त्या म्हणाल्या, कुणाला असं नाही. "त्याचा ताप बांधला व्हता त्यात. कालच उतरला. ह्यानं घराकडं टाकला त्यो. माज्या डोळ्याम्होरं टाकला." मग त्या उठल्या. "हळद आनते. दाबली की रगत थांबतं."

"हळद मागनं," हनुमंत म्हणाले. एवढ्या वेळात ते पहिल्यांदा बोलत होते. "आदी तोंडानं बोल, नंदावैनी. पोराला लागलंय."

नंदाबाईंना शीव ओलांडायची नव्हती. त्या धोंड्याला हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांची मान खाली गेली, आणि त्या वाडीत असं फार वेळा घडलं नव्हतं.

"चुकलं माजं, प्रितम. तुला न्हवता मारायचा. कुनालाच न्हवता."

"कळलं," प्रितम म्हणाला. मग त्यानं पुढं म्हटलं, "पर लागला मलाच, काकू. ह्ये ध्यानात राहू द्या."

"राहील," नंदाबाई म्हणाल्या.

आबांनी अमृतकडं बघितलं. अमृतनं बाह्या खाली केल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. धोंड्यापर्यंतच आला, पण आला. त्या पाण्यानं हनुमंतांनी जखम धुतली आणि रुमालाची पट्टी बांधली.

पिंकी कॅमेऱ्यामागं उभी होती. यशोधरा तिच्याकडं गेली तेव्हा ती पुटपुटली, "मी बंद केला नव्हता."

"काय?"

"कॅमेरा. सगळं आलंय. यशे, हा तुझा शॉट आहे. असला पुन्हा जन्मात मिळणार नाही."

तिनं दाखवला. नंदाबाईंचा चेहरा पडदाभर होता. ओठ हलत होते. नीट बघितलं की कळत होतं, त्या नातवाचं नाव घेत होत्या. हात वर गेला, आणि त्या हातात सगळं होतं: जातं, ओवी, दवाखान्याचं बाकडं, दगड. प्रबंधात जे सापडलं नव्हतं ते हेच. ती गर्दी कुठून निघते, विचारत होती ना? इथून निघते, मायेतून. मायेला भीतीनं धरलं की तिचा असा दगड होतो, आणि तो जातो नेमका पलीकडं उभ्या असलेल्या माणसावर.

यशोधरेनं ते दोनदा बघितलं. मग म्हणाली, "मावशींना दाखव."

"वेडी आहेस? नाही म्हणतील."

"म्हणू देत."

नंदाबाईंनी पडद्यापुढं वाकून बघितलं. डोळ्यांवर हाताची सावली धरली.

"ही मी व्हय?"

"तुम्हीच."

"लय वंगाळ दिसते." त्या बघत राहिल्या. "हितं समर्थाचं नाव घ्येतलंय मी."

"हो."

"ह्ये पिक्चरमदी घालनार?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही. प्रितम नको म्हणाला तर नाही."

"नगं," नंदाबाई म्हणाल्या. "उद्या पोरगं मोठं हुईल. त्याच्या नावानं आजीनं मानूस फोडला, त्ये त्यानं बगाय नगं."

प्रितमनंही पट्टी धरून नको अशी मान हलवली. यशोधरेनं पिंकीकडं बघितलं. पिंकीनं एक लांब सुस्कारा टाकला आणि नंदाबाईंच्या देखत ते पुसून टाकलं.

ऊन आता तांबडं होत आलं होतं. शॉट गेला होता, गाडा पलीकडं होता, आणि माणसं पांगायच्या बेतात होती. नंदाबाई तिथंच घुटमळत होत्या.

"यशे," त्या म्हणाल्या, "दुसरा मारू का? स्पंजाचा. आता जमंल मला."

यशोधरेनं माळावर एकदा नजर फिरवली. धोंडा, धोंड्याच्या अलीकडं वाडी, पलीकडं गाडा. सगळं जिथं असायला हवं तिथंच होतं. चुकीच्या जागी होता तो फक्त कॅमेरा.

"पिंके, चल. गाड्यावर चढ."

"मी?"

"गाडा येत नसला तर आपण जाऊ. देवीच्या बाजूला कॅमेरा लाव, मी तुझ्याखाली बसते. तोंड वाडीकडं. गाडा दिसायलाच नको. मला फक्त ह्यांची तोंडं पाहिजेत, गाड्यावरच्या बाईला दिसली असतील तशी."

पिंकीच्या डोळ्यांत दिवा लागला. "आणि वाडीकडं वळवायला गाडा हलवावा लागेल का?"

"प्रितमनं वळवलाच आहे," यशोधरा म्हणाली. "जागच्या जागी. अलीकडं इंचभरही आलेला नाही. चालंल का, आबा?"

आबांनी विचार केला. "शिवंपल्याड हाय तंवर तोंड कुटंबी असू दे."

निघताना यशोधरेनं नंदाबाईंपुढं हात केला. "सदरा द्या."

"कशाला?"

"जागेवर लावते."

डहाळ्यांत सदरा नीट घडी करून खोचताना तिला हनुमंतांची नजर पाठीवर जाणवली. "देवीला नाही बांधत, आण्णा," ती वळून म्हणाली. "आजारी पोराचा सदरा आहे. धुळीत कशाला लोळवायचा?"

हनुमंतांनी तांब्या उचलला. "म्या कुटं काय म्हनलं," ते म्हणाले. मग, "नीट बांध. वारं सुटलंय."

यावेळी यशोधरेनं भोंगा घेतला नाही. गाड्यावरूनच बोलली.

"दुपारपासून मी तुम्हाला ओरडायला सांगत होते. ते विसरा. कुणी ओरडू नका. मगाशी गाडा वळला तेव्हा जसे उभे होतात तसे उभे राहा. माझ्यावर रागवू नका. मला भ्या."

त्यांना ते शिकवावं लागलं नाही. माणसं धोंड्यामागं गोळा झाली, पोरं पाठीशी गेली, माळावरचा वारा तेवढा वाजत राहिला. यशोधरा देवीच्या पायाशी बसून ते चेहरे बघत होती. मारुतीआबा, रतनबाई, अमृत. ह्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी ती चहा प्यायली होती. तिला माहीत होतं, हातातले दगड स्पंजाचे आहेत. तरी ती मागं सरून गाड्याच्या फळीला टेकली. गाड्यावरची ती बाईही अशीच सरकली असती.

नंदाबाई एक पाऊल पुढं आल्या. ओठ मिटलेले होते. हात मागं गेला तो खांद्यापासून गेला, आणि दगड आला तो सरळ आला. यशोधरेच्या छातीवर बसला, कापसासारखा, आणि ओंजळीत पडला. त्याला वजन नव्हतं. तरी तिनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

पिंकीनं 'कट' म्हटलं आणि डोळे पुसले. "मिळाला," ती म्हणाली. "रडणारी माणसं मागितली होती, रडायला मलाच लावलं."

सामान भरताना आबा धोंड्यापाशी येऊन चाकांकडं बघत उभे राहिले.

"चाकं सोडवून देऊ का, आबा?" प्रितमनं विचारलं. पट्टीखालचा डोळा सुजला होता.

"राहू दे. गेली ती गेली." ते थोडे खट्याळ झाले. "पल्याडच्या गावची लोकं सकाळी बगतील. मंग ढकलतील म्होरं त्यांच्या शिवंपार. तुजा गाडा वर्साभरात जुन्नर गाठतोय बग."

"मग चाकांना वंगण लावायला पाहिजे होतं," प्रितम म्हणाला.

वाडी निघाली. गाड्याची रीत होती तशी, कुणीही मागं वळून बघायचं नव्हतं. बायका डोक्यावर पदर घेऊन, मान ताठ ठेवून, लेकरांची तोंडं आपल्याकडं वळवून चालत होत्या. त्यांच्यामागं आळीतली माणसं बोलत, हसत, हवं तिकडं बघत चालली होती. सगळ्यांत मागं यशोधरा. तिच्या बाजूला नंदाबाई कधी आल्या, तिला कळलं नाही.

"यशे," नंदाबाई समोरच बघत म्हणाल्या, "तुला चालतंय न्हवं मागं बगितल्यालं?"

"मला चालतं."

"मंग बग की गं. सदरा हाय का जाग्यावर?"

यशोधरा थांबली. वळली. उतरत्या उन्हात गाडा एकटा उभा होता, लिंब हलत होता, आणि पानांमधून निळ्या चौकड्यांचा एवढासा तुकडा दिसत होता. तिनं निवांत, डोळे भरून बघितलं.

"आहे, मावशी," ती म्हणाली. "घट्ट आहे."